अंगठ्याचा दाब

अक्काताईचा डावा पाय राहणार नाही, हे अण्णाप्पा मगदूमला कळलं त्या दिवशी सोमवार होता. कोल्हापुरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, सर्जननं त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. बसायला सांगतात तेव्हा बातमी वाईट असते, एवढं त्याला बावीस वर्षांच्या दवाखान्यातल्या नोकरीत समजलेलं होतं. तो उभाच राहिला.

"गुडघ्याच्या वरून काढावा लागेल," सर्जन म्हणाला. तरुण होता, डोळे तांबारलेले होते. "करंगळीच्या जखमेतून विष वर चढलंय. पायात रक्तच पोचत नाही, त्यामुळे औषधही पोचत नाही. इतके दिवस तपासणी केली नाही का?"

"केली की!" अण्णाप्पानं फोन काढला. "हे बघा. चार महिन्यांमागचा रिपोर्ट. मी स्वतः तिला खडावांच्या यंत्रावर उभी केली. हिरवा आलाय."

सर्जननं फोन हातात घेतला आणि बोटांनी अक्षरं मोठी केली. घोट्याचा दाब, त्यापुढं आकडा. अंगठ्याचा दाब, त्यापुढं चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि पानाच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, त्या चांदणीचा अर्थ दिला होता: अनुमानित.

"हा मोजलेला नाही," सर्जन म्हणाला. "यंत्रानं अंदाजानं भरलाय. आम्ही आज सकाळी मोजला. अठरा आला."

अठराचा अर्थ अण्णाप्पाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिसाच्या खाली जखम भरत नाही, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं शेकडो पेशंटांना सांगितलं होतं.

तो आत गेला. अक्काताई छताकडं बघत पडली होती.

"काय म्हणतंय ते पोरगं?"

"पाय काढायचा म्हणतोय."

तिनं उजवा पाय चादरीबाहेर काढून बघितला. मग म्हणाली, "एकच न्हवं? मग उजव्या पायातली जोडवी तरी ऱ्हातील. अर्धी सवाष्ण." आणि हसली. "अवं, हसा की. मी हसतीया तर तुम्हाला काय झालं?"

त्याला हसता आलं नाही. ऑपरेशन झालं, पण विष तोवर रक्तात उतरलं होतं. नवव्या दिवशी ती गेली.

हुपरी हे चांदीचं गाव. पैंजण, वाळे, करदोडे, जोडवी, घरटी कुणीतरी यातलं काहीतरी करतंच. अक्काताई लग्न होऊन आल्यापासून पैंजणांच्या कड्या जोडायची. नवरा मात्र चांदीतला नव्हता. अण्णाप्पा डॉ. मंदाकिनी शेंडुरे यांच्या दवाखान्यात रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा तंत्रज्ञ होता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, तिला सगळे लॅब म्हणायचे. तिथं रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं एक डॉपलर यंत्र होतं, दंडाला आणि घोट्याला बांधायचे पट्टे होते, आणि पायाच्या अंगठ्यातला दाब मोजणारं एक लहान यंत्र होतं. अंगठ्याचं यंत्र कोल्हापूर सोडलं तर जवळपास कुठं नव्हतं.

त्यातलं शास्त्र अवघड नाही. मधुमेह जुना झाला की पायाच्या रोहिण्यांच्या भिंतीत चुना साठतो. रबरी नळी असते तिची सिमेंटची होते. घोट्याला पट्टा बांधून फुगवला की मऊ नळी दबते, रक्त थांबतं, आणि कितीला थांबलं त्यावरून आतला दाब कळतो. चुन्यानं कडक झालेली नळी दबतच नाही. पट्टा फुगत राहतो, आकडा चढत राहतो, आणि नळी आतून निम्मी बुजलेली असली तरी कागदावर आकडा धडधाकट माणसाचा येतो. अंगठ्यातल्या बारीक वाहिन्यांत मात्र चुना सहसा शिरत नाही. घोटा फसवतो तिथं अंगठा खरं सांगतो.

पण हुपरीत अंगठ्यापर्यंत पोचणं हेच मोठं काम होतं. इथली जोडवी जाड, तीन-तीन वेढ्यांची. ती शेजारच्या बोटात असली की अंगठ्याला पट्टा नीट बसत नाही, आणि अंगठ्यातलं रक्त ज्या उजेडानं बघायचं तो चांदीवर उडून वाचन बिघडतं. आणि नवरा जिवंत असलेली बाई जोडवी काढत नाही. पहिल्या वर्षी अण्णाप्पानं बायकांना सांगून बघितलं. बायका चप्पल घालून सरळ घरी निघून गेल्या.

त्यावर तोड काढली ती अक्काताईनं. हळदीत भिजवून वाळवलेल्या दोऱ्याचं रीळ घेऊन ती लॅबमध्ये आली. आधी बोटाला पिवळा दोरा बांधायचा, मग खोबरेल लावून जोडवी सरकवायची, आणि ती त्याच बाईच्या मुठीत द्यायची. बोट एक क्षणही मोकळं राहत नाही. दोरा सवाष्णीनंच बांधायचा, म्हणून ती रोज सकाळी दोन तास लॅबमध्ये येऊन बसायची. बायकांशी बोलत, त्यांच्या सुनांची उणीदुणी ऐकत दोरे बांधायची. एका पेशंटला वीस मिनिटं लागायची. तिला पगार नव्हता. तिनं मागितला नाही, डॉक्टरबाईंनी विचारलं नाही, आणि अण्णाप्पालाही कधी सुचलं नाही.

मग २०३४ साली खडावा आल्या. यंत्राचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं, लोकांनी दिलेलं हे. दोन पावलांच्या आकाराचा पाट, त्यावर अनवाणी उभं राहायचं. घोट्याभोवती पट्टा आपोआप आवळतो, खालून बोटांवर उजेड पडतो, आकडे दूरच्या केंद्रात जातात, आणि तिथला संगणक दोन मिनिटांत फोनवर रिपोर्ट पाठवतो. हिरवा, पिवळा किंवा लाल. सरकारी विमा योजनेनं खडावांचा दर हाच सगळ्यांसाठी दर ठरवला. एका तपासणीला एकशे ऐंशी रुपये. लॅबमध्ये एका तपासणीला साडेपाचशे खर्च यायचा. अंगठ्याच्या तपासणीला तर दरच नव्हता, ती म्हणे 'घोट्याच्या तपासणीत अंतर्भूत' होती. डॉक्टरबाईंनी चौदा महिने तोटा सोसला आणि लॅब बंद केली. अण्णाप्पाला बाहुबली आवटेच्या मेडिकल दुकानात कंपनीतर्फे खडावांचा मदतनीस म्हणून काम मिळालं.

अक्काताईला त्यानंच तिथं नेलं होतं. दुकानात दहा माणसं उभी होती. "जोडवी काढावी लागतील," तो हळूच म्हणाला.

"हितं? ह्या सगळ्यांच्या म्होरं? आणि दोरा कोण बांधणार मला?"

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं: दागिन्यांबाबत ग्राहकाला आग्रह करू नये, यंत्र ते सांभाळून घेतं. अण्णाप्पानं पुस्तिकेवर विश्वास ठेवला. हिरवा रिपोर्ट आला तेव्हा अक्काताई म्हणाली होती, "बघा, तुमच्या लॅबपेक्षा श्यानं हाय ह्ये."

बारा दिवसांचं सुतक संपलं आणि तेराव्या दिवशी अण्णाप्पा दुकानात गेला. बाहुबलीनं त्याच्यासाठी खुर्ची पुसली. "काका, आणखी आठ दिवस घरी ऱ्हायचं होतं."

"घरी बसून काय करू?"

त्यानं स्वतःच्या नावानं यंत्राच्या नोंदी उघडल्या. ज्या नोंदींवर 'धातू आढळला' असा शेरा होता त्या वेगळ्या काढल्या. त्यातल्या मधुमेहाच्या बायका वेगळ्या केल्या. दोनशे चौदा. प्रत्येकीच्या अंगठ्यापुढं आकडा होता, आकड्यावर चांदणी होती, आणि रिपोर्ट हिरवा होता. यंत्रानं घोट्याचा आकडा घेतला होता आणि त्यावरून अंगठ्याचा काढला होता. म्हणजे जो साक्षीदार खोटं बोलतो त्यालाच विचारून दुसऱ्याची साक्ष लिहून टाकली होती.

तो वहीत नावं उतरवायला लागला.

"काका, ह्ये बाहेर नेऊ नका. माझं लायसन जाईल."

"तुझ्या आईचं नाव हाय ह्यात, बाहुबली. सत्याहत्तर नंबर."

बाहुबलीनं दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं आणि स्वतः नावं वाचून दाखवायला बसला.

दुपारी अण्णाप्पानं कंपनीला फोन लावला. चौथ्या माणसाकडं फोन गेला तेव्हा बोलणारा माणूस सापडला. विभागाचे व्यवस्थापक, आवाज गोड.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मगदूमजी. पण अनुमानाची पद्धत त्र्याण्णव टक्के अचूक आहे."

"कुणाच्या पायावर?"

"म्हणजे?"

"कुणाच्या पायावर तपासून बघितलीत? त्या पायांत जोडवी होती का? वीस वर्षांची साखर होती का?"

"तपासणी मोठ्या शहरांतल्या निरोगी स्वयंसेवकांवर झालेली आहे."

"निरोग्याला कशाला पाहिजे तपासणी? अहो, चांदीच्या गावात तुम्ही चांदी चालत नाही असं यंत्र आणून ठेवलंत, आणि चालत नाही म्हणून सांगायच्या ऐवजी ते मनानं आकडा लिहितंय. मी लॅबमध्ये असा आकडा लिहिला असता तर मला जेलात घातलं असतं."

"आम्ही यंत्रावर सूचना लावू. दागिने काढून उभे राहावे."

"बायका काढणार नाहीत."

"मग तो त्यांचा निर्णय राहील," आवाज म्हणाला, तेवढाच गोड.

अण्णाप्पानं फोन ठेवला. तेवढ्यात बाहुबलीनं वाचता वाचता आवाज खाली आणला. "काका, सगळ्या रिपोर्टांखाली एकाच डॉक्टरची सही हाय."

अण्णाप्पानं बघितलं. पडताळणी: डॉ. मं. शेंडुरे. अक्काताईच्या रिपोर्टाखालीही.

डॉक्टरबाई दवाखान्यात एकट्याच होत्या. लॅबच्या खोलीत आता चष्म्याचं दुकान होतं. त्याला बघून त्या उठल्या. "अण्णाप्पा, बसा. मी दहाव्याला येऊन गेले, पण तुम्ही..."

"मॅडम, तुम्ही अक्काताईचा रिपोर्ट बघितला होतात?"

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"सही तुमची हाय."

"सही नसते ती. बटण असतं. रोज चारशे रिपोर्ट येतात. पिवळे, लाल मी नीट बघते. हिरवे सगळे एकदम पुढं जातात."

"म्हणजे ज्यात गडबड असंल तेच बघायचे न्हाईत."

"अण्णाप्पा, माझ्यावर ओरडू नका. लॅब चालवली तेव्हा कशी चालवता म्हणून कुणी विचारलं होतं? यंत्राचा हप्ता, दुरुस्तीचा करार, तुमचा पगार. दिवसाला अकरा पेशंट आले तर तोंडमिळवणी व्हायची, यायचे सहा. खडावा आल्यावर तीन. मी दर मिळावा म्हणून योजनेच्या दर समितीला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. या बटणाच्या पैशांतून दवाखान्याचं भाडं जातं."

"पाय कापायला योजना दोन लाख देते," अण्णाप्पा म्हणाला. "मी बिल बघितलंय, माझ्या बायकोचंच हाय. आणि अंगठा तपासायला दोन रुपये न्हाईत. हे कसलं गणित?"

"वाचलेल्या पायाचं बिल निघत नाही, अण्णाप्पा. कापलेल्याचं निघतं." त्या थकून खुर्चीत बसल्या. "बावीस वर्षांत आपण किती पाय वाचवले ते मी पत्रात लिहिलं होतं. फोन करून विचारलं तर म्हणाले, पुरावा काय? पाय जागेवर आहे, हा पुरावा कसा द्यायचा?"

"अक्काताई रोज दोन तास येऊन बसायची. ते तुमच्या खर्चात कुठं लिहिलं होतं?"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. "कुठंच नाही."

"माझ्याबी ध्यानात आलं न्हाई, तर तुमच्या काय येणार," अण्णाप्पा म्हणाला. मग त्यानं वही टेबलावर ठेवली. "दोनशे चौदा हाईत. मला अंगठ्याचं यंत्र द्या. आणि तुम्ही संगं या. मी एकट्यानं तपासलं तर तो गुन्हा होतो. आणि ती सही काढून घ्या."

"यंत्र कपाटात आहे. रविवारी येते मी. सहीचं बघते."

"बघते म्हणजे न्हाई, मॅडम. बावीस वर्षं तुमचं 'बघते' ऐकलंय मी."

रविवारी सकाळी अण्णाप्पाच्या घराच्या पुढच्या सोप्यात चटई अंथरली. यादीत पहिलं नाव कमळव्वाचं, शेजारच्याच गल्लीतली, साठीची बाई. ती आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"माझा हिरवा आलाय. मग परत कशाला? आणि अक्काताईला वाचवलं न्हाईसा, मला काय वाचवतासा?"

अण्णाप्पानं ते ऐकून घेतलं. "अक्काताईचाबी हिरवा आलता, वहिनी," एवढंच म्हणाला.

कमळव्वा खाली बसली. पाय पुढं केला आणि लगेच मागं ओढला. "दोरा कोण बांधणार? अक्काताई बांधायची. तुम्ही बांधलेला मला न्हाई चालायचा."

मग "मी बांधते, मीही सवाष्णच आहे," म्हणत डॉक्टरबाई पर्स बाजूला ठेवून चटईवर उकिडव्या बसल्या. हळदीचा दोरा घेतला. बावीस वर्षं ही गोष्ट त्यांच्या दवाखान्यात झाली होती, पण त्यांनी कधी ती हातानं केली नव्हती. दोरा बोटावरून दोनदा घसरला.

"डॉक्टरीणबाई, एवढी शाळा शिकलासा, गाठ न्हाई शिकलासा?" कमळव्वा म्हणाली. "दोन वेढं द्या आन् मग वडा. हां. आता त्याल लावा. एवढं न्हवं, भजी तळायची हाईत व्हय?"

जोडवी सुटली. कमळव्वानं ती मुठीत घट्ट धरली. अण्णाप्पानं अंगठ्याला पट्टा बसवला, टोकावर उजेडाची चिमटी लावली आणि पट्टा फुगवला. पडद्यावरची लाट सपाट झाली. त्यानं हळूहळू हवा सोडली. शंभरला लाट यायला हवी होती. ऐंशीला नाही आली. पन्नासला नाही आली. डॉक्टरबाई पडद्याकडं बघत होत्या. सव्वीसला एक बारीकशी लाट उठली.

अण्णाप्पानं पुन्हा मोजलं. सव्वीस.

"किती?" कमळव्वानं विचारलं.

"कमी हाय, वहिनी. उद्या कोल्हापूरला जायचं."

"आन् तो हिरवा रिपोर्ट? त्यावर कुणा डॉक्टरची सही हाय म्हणं. त्यानं बघितला न्हाई व्हय?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ती सही माझी आहे."

"मग तुम्ही बघितलं न्हवतंसा?"

"नव्हतं."

कमळव्वानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "बरं. खोटं तरी न्हाई बोललासा." आणि दुसरा पाय पुढं केला.

ती गेल्यावर डॉक्टरबाईंनी तिथंच, चटईवर बसून, फोन काढला आणि कंपनीला पत्र लिहिलं. सही काढून घेतल्याचं. पाठवलं, आणि अण्णाप्पाला दाखवलंही. संध्याकाळपर्यंत पडताळणीच्या जागी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुठल्याशा डॉक्टरचं नाव आलं. एकाही रिपोर्टाचा रंग बदलला नाही.

कमळव्वाची रोहिणी कोल्हापुरात फुगा घालून मोकळी केली. पाय राहिला. तिसऱ्या रविवारी ती आपणहून आली, डॉक्टरबाईंच्या हातातला दोरा काढून घेतला आणि म्हणाली, "सरका. तुमच्यानं दिवस मावळंल." तेव्हापासून दोरा तीच बांधते. अण्णाप्पानं तिचे तास वहीत लिहायला सुरुवात केली. ती म्हणाली, "ह्ये कशाला?" तो म्हणाला, "कुणीतरी लिहायला पायजे."

कंपनीनं अण्णाप्पाला कामावरून काढलं, नोंदींचा गैरवापर केल्याबद्दल. बाहुबलीनं त्याच दिवशी खडावा दुकानातून बाहेर काढून ठेवल्या. कंपनीची गाडी आली, त्या उचलून चार दुकानं पलीकडं बसवल्या. वर सूचना चिकटवली: दागिने काढून उभे राहावे. बायका सूचना वाचतात, जोडव्यांसकट उभ्या राहतात आणि हिरवा रिपोर्ट घेऊन घरी जातात.

डॉक्टरबाईंनी दर समितीला आठवं पत्र लिहिलं. या वेळी पुरावा जोडला, मोजलेला आकडा आणि अनुमानित आकडा शेजारी शेजारी. समितीचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. अण्णाप्पानं ते सोप्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं: "सदर तपासणी घोट्याच्या तपासणीत अंतर्भूत असल्याने वेगळा दर देय नाही. तसेच हिरवा अहवाल असलेल्या व्यक्तीची फेरतपासणी अनावश्यक समजण्यात येते."

"अनावश्यक," तो पुन्हा म्हणाला. "हे लिहिणाऱ्याला एकदा त्या वॉर्डात नेऊन उभं करायला पायजे. नवव्या दिवशी. वास येतो तेव्हा."

कमळव्वानं बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला हाक मारली.

रविवारी सकाळी तीन तास मिळतात. तेवढ्यात चार बायका होतात, कधी तीन, कारण डॉक्टरबाईंना अकराला दवाखाना उघडावा लागतो आणि त्यांच्याशिवाय यंत्र लावायचं नाही. आजवर एकतीस झाल्या. सात जणींचा दाब तिसाच्या खाली निघाला. पाच जणींचे पाय वेळेत सोडवता आले, एकीची दोन बोटं गेली, आणि एकीनं कोल्हापूरला जायला नकार दिला. तिच्या घरी अण्णाप्पा आठवड्यातून दोनदा जातो.

वहीत दोनशे चौदा नावं आहेत. एकशे त्र्याऐंशी बायकांचे अंगठे अजून तपासायचे राहिले आहेत.